दोन्ही अँटिबायोटिक्सच, मग जेंटामायसिन दिवसातून एकदा आणि अमॉक्सिसिलिन तीनदा, असं का?

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मीही इथेच अडकले होते. अर्धायुष्य (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) दोन्हींचं लहानच: अमॉक्सिसिलिनचं साधारण 1 तास, जेंटामायसिनचं 2 ते 3 तास. पण त्यावरून औषध शरीरातून किती वेगाने जातं एवढंच कळतं, जंतू कसे मरतात ते नाही.

वहीत रक्तातल्या औषधाची पातळी वेळेनुसार कशी चढते-उतरते, त्याचा आलेख काढा. आडवी रेघ म्हणजे एमआयसी, जंतूंची वाढ थांबवणारी किमान पातळी. अमॉक्सिसिलिन जंतूंच्या पेशीभित्तिकेचं बांधकाम अडवतं. पातळी किती उंच गेली यापेक्षा रेघेच्या वर किती वेळ राहिली, हे तिथे महत्त्वाचं. डोस चुकला की बांधकाम पुन्हा सुरू! जेंटामायसिनचं उलट. शिखर जितकं उंच तितका मारा जास्त, आणि पातळी उतरल्यावरही जंतू काही तास डोकं वर काढत नाहीत. शिवाय मूत्रपिंडाच्या नलिकांतल्या पेशी हे औषध एका मर्यादेपर्यंतच ओढून घेतात, त्यामुळे तीन छोट्या डोसांपेक्षा एक मोठा डोस मूत्रपिंडाला जास्त सोसवतो. (एंडोकार्डायटिसमध्ये, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराच्या संसर्गात, हिशेब वेगळा, तो स्वतंत्र वाचा.)

आपल्याकडे पावसात शेतात उतरणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) होतो, त्यामुळे त्यावर दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिकही नीट शिकून घ्या. दुधातलं कॅल्शियम त्याला बांधून ठेवतं, मग ते कमी शोषलं जातं. कॅप्सूल बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते. रुग्णाला हे स्वतः सांगा.