आजोबांनी सोडलेले घर

प्रश्न : माझे वय ६३ आहे. आजोबांनी उभ्या केलेल्या आमच्या घरात एके काळी बावीस माणसे एका वेळी जेवायला बसत. आता धाकटा मुलगा सून आणि नातीला घेऊन येत्या रविवारी वेगळा राहायला जात आहे. भांडण काहीच झालेले नाही, त्याला फक्त स्वतःचे घर हवे आहे. तीन आठवडे मी त्याच्याशी बोललेलो नाही. पूर्वी कुटुंबे अशी मोडत नव्हती. (आजोबाही वडिलांशी पटेना म्हणून सतराव्या वर्षी घर सोडून आले होते, पण तो काळ वेगळा होता.) मुलाला कसे थांबवू?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या कंसापाशी थांबले. बावीस माणसांविषयी तुम्ही भरभरून लिहिले आहे, पण आजोबा ज्यांना मागे सोडून निघाले त्या त्यांच्या वडिलांविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. तुम्हाला ज्याचा इतका अभिमान आहे ते घर, एक मुलगा बापाच्या घरातून बाहेर पडला म्हणूनच उभे राहिले.

तो काळ वेगळा होता, हे मला मान्य नाही. पीटर लॅस्लेट या इतिहासकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शंभर वस्त्यांच्या १५७४ ते १८२१ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा एका घरात सरासरी पावणेपाच माणसेच आढळली, आणि त्यांत घरी राहणारे नोकरही मोजलेले होते. तिथली कितीतरी मुले विशीच्या आतच दुसऱ्याच्या घरी राहून काम करण्यासाठी बाहेर पडत असत. जिथे कुटुंबे खरोखरच मोठी होती तिथेही ती निव्वळ मायेवर टिकलेली नव्हती. रशियातले जमीनदार आपल्या भूदासांच्या, म्हणजे जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांच्या, कुटुंबांत वाटण्या होऊ नयेत म्हणून दबाव ठेवत, आणि १८६१ मध्ये भूदासांची मुक्तता झाल्यानंतर तिथे मुलगे वेगळी बिऱ्हाडे करू लागण्याचे प्रमाण वाढले. एकत्र राहिलेल्या प्रत्येकाला तसे राहायचेच होते, असे आपण आज गृहीत धरतो. त्यांना कुणी विचारले होते का?

खरा बदल झाला आहे तो वेगळाच, आणि तो तुमच्या बाजूचा आहे. १८०० च्या सुमारास जगातले सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होते. मुले लहानपणीच दगावत, आणि जी जगत त्यांतल्या अनेकांना आजोबा भेटतच नसत. आज ते आयुर्मान सत्तरीच्या पुढे गेले आहे. नातीला मोठी होताना पाहण्याची, तिच्याशी बरोबरीने बोलण्याची वर्षे तुमच्यापुढे आहेत, आणि त्यांतले तीन आठवडे तुम्ही अबोल्यात घालवले, याचा मला राग येतो.

मुलाला कसे थांबवावे हे मी सांगणार नाही. रविवारी तुम्ही त्याच्याबरोबर जा, सामान त्याच्या नव्या घरात लावून द्या आणि संध्याकाळपर्यंत तिथेच थांबा. आजोबांच्या वडिलांना जे करता आले की नाही ते तुमच्या पत्रातून कळत नाही, ते तुम्हाला करता येईल. त्यासाठी रविवारची वाट पाहू नका. आज रात्रीच, तीन आठवड्यांनंतरचे पहिले वाक्य म्हणून, सामान किती वाजता निघणार आहे एवढे त्याला विचारा.