ग्योटिंगनची शांतता झेपेल का?

संगणकशास्त्राच्या एमएससीसाठी जर्मनीतल्या ग्योटिंगन आणि म्युनिक, दोन्हीकडून प्रवेशपत्र आलंय; घरचे म्हणतात मोठ्या शहरात जा; आणि तुला धास्ती आहे ती ग्योटिंगनच्या शांततेची. ‘ताई, तिथे जीव लागतो का?’ असं विचारलंस. ताई म्हणालीस, म्हणून मीही मोकळेपणानं तू म्हणते.

मी २०१४ ते २०१६ तिथे शाश्वत शेतीचा एमएससी केला. पोचले २ ऑक्टोबरला, गुरुवारी संध्याकाळी. सकाळी दूध-ब्रेड आणायला बाहेर पडले तर रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळी दुकानं बंद. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस, हे मला ठाऊकच नव्हतं. शनिवारी दुकानं उघडली, रविवारी पुन्हा बंद. त्या तीन दिवसांत वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात फ्रीजची घरघर तेवढी सोबतीला होती. परत जावं असं अगदी मनापासून वाटलं होतं. हे तुला आधीच सांगते, कारण तुझाही पहिला आठवडा असाच जाऊ शकतो आणि त्यावरून गावाची परीक्षा करायची नसते.

गाव सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं आणि दर पाच-सहा माणसांमागे एक विद्यार्थी. विद्यापीठ १७३७ सालचं. जुन्या गावाभोवतीच्या तटबंदीवर आता झाडांच्या सावलीतून पायवाट गेली आहे. तासाभरात पूर्ण फेरी होते. परीक्षेच्या दिवसांत मी रोज संध्याकाळी ती मारायची. जुन्या नगरभवनासमोर कारंज्यावर गेन्झेलीझल, म्हणजे हंस घेऊन उभ्या असलेल्या मुलीचा पुतळा आहे. पीएचडी झालेला माणूस सजवलेल्या हातगाडीत बसून येतो, कारंज्यावर चढतो, तिला फुलं देतो आणि तिचा मुका घेतो. ओळखीचं कुणी नसतानाही आम्ही टाळ्या वाजवायला थांबायचो.

माझी सगळ्यांत आवडती जागा मात्र दफनभूमी. ऐकायला विचित्र वाटेल, पण ती मोठ्या बागेसारखीच आहे. भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांकच्या थडग्याच्या दगडावर त्याचा स्थिरांक कोरलाय, त्याच क्षेत्रातल्या माक्स बोर्नच्या दगडावर क्वांटमचं समीकरण, आणि गणिती हिल्बर्टच्या दगडावर ‘आपल्याला जाणायलाच हवं, आपण जाणूच’ या अर्थाचं त्याचं वाक्य. प्रबंध अडला की मी त्या दगडापाशी जाऊन बसायची. आणि आपल्यासाठी आणखी एक धागा: पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवलेले फ्रान्झ कीलहॉर्न पुढे याच विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि रा. गो. भांडारकरांना १८८५ मध्ये इथूनच मानद पीएचडी मिळाली. हे कळलं त्या दिवशी गाव एकदम ओळखीचं वाटलं.

आता शांततेबद्दल खरं सांगते. शुक्रवारी दुपारी जर्मन मुलं पाठीला पिशवी लावून आपापल्या घरी निघतात आणि मजला रिकामा होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. माझा पहिला नोव्हेंबर फार वाईट गेला. जेवण तुटलं, फोनवर आईशी बोलताना रडू यायचं. सावरलं ते विद्यापीठाच्या क्रीडाकेंद्रामुळे. बुधवारी बॅडमिंटन, शनिवारी भिंतीवर चढण्याचा सराव. तिथे भेटलेल्या दोघी आजही माझ्या जिवाभावाच्या आहेत. तेव्हा सत्र सुरू होताच शनिवार-रविवारसाठी काहीतरी बांधून घे, एकटेपणा जाणवेपर्यंत थांबू नकोस.

भाषेचं म्हणशील तर इथेच लहान गावानं मला भरभरून दिलं. मी ए-वन, म्हणजे जर्मनची अगदी पहिली पातळी, शिकून गेले होते. बेकरीत रोज तीच बाई, ग्रंथालयात तोच माणूस, त्यामुळे माझं वाक्य पुरं होईस्तोवर ते थांबायचे आणि चुकलेला शब्द हळूच दुरुस्त करायचे. दोन सत्रांत मी बोलू लागले. पुढे हानोफरला नोकरी मिळाली ती याच जर्मनच्या जोरावर. तू निदान ए-टू करूनच निघ. तुझा अभ्यासक्रम इंग्रजीत असेल, पण घरमालक, डॉक्टर आणि परदेशी नागरिकांचं कार्यालय जर्मनमध्येच बोलतं.

कामाच्या बाबतीत म्युनिक नक्कीच उजवं. ग्योटिंगनमध्ये इंग्रजीवर मिळणारी अर्धवेळ कामं मोजकी. नियमाप्रमाणे मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. माझ्या मते विभागातच ‘हिवी’ म्हणून, म्हणजे प्राध्यापकाच्या हाताखाली काम शोध. पैसे बेताचे, पण शिफारसपत्र मोलाचं. माक्स प्लांक संशोधन संस्था गावातच आहेत, १८७० पासूनची प्रयोगशाळांची उपकरणं बनवणारी सार्टोरियस कंपनीही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, तेव्हा म्युनिकला जायची वाट मोकळी राहतेच.

पैशाचा हिशोब घरच्यांपुढे मांड. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच ठेवायच्या खात्याला, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ लागतात, गाव कुठलंही असो. मात्र तेवढ्यात म्युनिकचं भाडं भागवणं कठीण, ग्योटिंगनमध्ये वसतिगृह मिळालं तर निभतं. शिवाय तुझं प्रवेशपत्र म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाचं असेल तर तिथे २०२४-२५ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क आहे; ग्योटिंगनमध्ये फक्त सत्रशुल्क. रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो, पण ती घरटी असते, तेव्हा घर वाटून राहिलात तर सगळ्यांत मिळून एकच भरायची.

आणि रविवारी आवाज चालत नाही: व्हॅक्यूम क्लीनर लावू नकोस, काचेच्या बाटल्याही कचराकुंडीत टाकायला जाऊ नकोस. शेजारी येऊन सांगतात.

तुझ्या जागी मी असते तर पुन्हा ग्योटिंगनच घेतलं असतं. पण तुला गर्दीतच बरं वाटत असेल, आणि जर्मनला वेळ द्यायची तयारी नसेल, तर म्युनिक घे. त्यात चुकीचं काही नाही. ग्योटिंगन ठरलं तर वसतिगृहाचा अर्ज आज रात्रीच भर. ऑक्टोबरातली प्रतीक्षायादी सगळ्यांत लांब असते.