आईचा डिमेन्शिया आणि भारतातून येणारी चूर्णांची पिशवी

डिमेन्शियाचं निदान झालं की भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या बॅगेत एक डबी असतेच: ब्राह्मी, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप, की मेंदूतला दाह गेला की स्मरणशक्ती परत येते. दाहाची गोष्ट खोटी नाही. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात, मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या संरक्षक पेशी सतत चेतलेल्या राहतात आणि त्यातून नुकसान वाढतं. पण दाहशामक गोळीने काम भागत नाही. नेप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब ही दाहशामक औषधं देऊन अल्झायमर टाळता येतो का, हे बघणाऱ्या अमेरिकेतल्या चाचणीत औषधं २००४ मध्ये सुरक्षेच्या काळजीपोटी बंद करावी लागली. टाळण्याचा फायदाही दिसला नाही.

हळदीचा हिशेब करून बघा. सपाट चमचाभर हळद साधारण ३ ग्रॅम, त्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं दाहशामक म्हणवलं जाणारं पिवळं द्रव्य, जेमतेम ३ टक्के, म्हणजे ९० मिलिग्रॅमच्या आसपास. अल्झायमरच्या रुग्णांना रोज २ ते ४ ग्रॅम कर्क्युमिन २४ आठवडे देऊन पाहिलं, तरी फरक पडला नाही. रक्तात ते फारसं उतरतच नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरिन घालतात. तेच पायपरिन फेनिटॉइन (फिटचं औषध) आणि प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाबाचं औषध) यांची रक्तातली पातळीही वाढवतं. अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि ऑस्ट्रेलियात आहेत. फोडणीतली हळद खुशाल चालू ठेवा, कॅप्सूल नको.

आता ती पिशवी टेबलावर रिकामी करा. प्रत्येक डबीच्या लेबलाचा फोटो घ्या आणि घटकांची यादी वाचा. भस्म (जाळून केलेली धातू-खनिजांची पूड), पारद, कज्जली, रससिंदूर (तिन्ही पाऱ्याची), हरताळ, मनःशिला (दोन्ही आर्सेनिकची) यांपैकी काहीही दिसलं, किंवा नावाच्या शेवटी ‘रस’ असेल, तर ती डबी बाजूला ठेवा. ‘स्मृतिसागर रस’ स्मरणशक्तीसाठी म्हणूनच विकला जातो आणि त्यात पारा व हरताळ असतात. इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांच्या २००८ च्या तपासणीत सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं मेंदूलाच इजा करतं, आणि बद्धकोष्ठ, चिडचिड, रक्तक्षय ही त्याची लक्षणं म्हातारपणाच्या खात्यात सहज जमा होतात. असं औषध महिनोन्‌महिने चाललं असेल तर डॉक्टरांकडे रक्तातल्या शिशाची तपासणी मागा. गिंको (स्मरणशक्तीसाठी विकला जाणारा झाडाच्या पानांचा अर्क) आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) एकत्र नकोत, रक्तस्रावाची भीती असते. अश्वगंधेने झापड येते आणि थायरॉइडची पातळी हलू शकते. यादी फार्मासिस्टला दाखवा. ‘घरगुतीच आहे’ म्हणून लपवू नका. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी मात्र परस्पर बंद करायची नाही.

चूर्णांवर खर्च होतो आणि साध्या तपासण्या राहून जातात. शाकाहारी आई, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही बी-१२ कमी करू शकणारी मधुमेहाची गोळी, म्हणजे बी-१२ तपासायलाच हवं. थायरॉइड, कान आणि मोतीबिंदूही बघून घ्या. झोपेसाठी दुकानातून आणलेल्या गोळीत डायफेनहायड्रामिन आहे का बघा. ते विसराळूपणा वाढवतं आणि डोनेपेझिल या डिमेन्शियाच्या गोळीच्या नेमकं उलट काम करतं. स्मरणशक्तीची चाचणी इंग्रजीतच उरकली असेल, तर मराठी दुभाषा मागून ती पुन्हा करून घ्या.

मग पूरक उपचार म्हणून करायचं तरी काय? ब्रिटनमध्ये उपचारांचं मार्गदर्शन ठरवणाऱ्या नाइस (NICE) संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात अ‍ॅक्युपंक्चर, जिनसेंग आणि वनौषधी डिमेन्शियावर देऊ नयेत असं आहे. सौम्य ते मध्यम टप्प्यात गटाने करायच्या बौद्धिक चालनेच्या उपचारांची (कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी) मात्र शिफारस आहे. मेमरी क्लिनिकमध्ये, म्हणजे स्मरणशक्तीच्या तपासणीच्या दवाखान्यात, त्याची चौकशी करा. घरी करण्याजोगं म्हणजे संगीत आणि हाताला तेल. यांनी आजार मागे हटत नाही, पण बेचैनी उतरू शकते, आणि घरात तेवढंही पुष्कळ असतं.

आईचा जन्म १९४७ चा असेल तर १९६२ ते १९७२ मधली भावगीतं, नाट्यपदं आणि माहेरी म्हटले जाणारे अभंग निवडा. गाणी आधी डाउनलोड करा, कारण मध्येच जाहिरात किंचाळली की सगळं बिनसतं. टीव्ही बंद, एका वेळी एकच आवाज, वीसेक मिनिटं. वेळ संध्याकाळच्या घालमेलीआधीची. लंडनच्या हिवाळ्यात चारलाच अंधारतं, तेव्हा साडेतीनला घरातले दिवे लावून मगच गाणी सुरू करा.

तेल खोबरेल, कोमट, आधी आपल्या मनगटावर बघून. ‘आई, हात दे गं’ असं विचारा. हात मागे घेतला तर आग्रह नको. मनगटाकडून बोटांकडे, एकेका हाताला पाचेक मिनिटं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नुसता हात फिरवा, दाबलं की काळे-निळे डाग पडतात. नंतर तळवे पुसायचेच, नाहीतर वॉकरची मूठ सटकते.

आणि गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, भास होऊ लागले, किंवा दिवसभर गुंगी राहिली, तर ते डिमेन्शियाचं पुढचं पाऊल धरू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेलं पोट, पाणी कमी पडणं किंवा नवी गोळी यांतलं काही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि डब्यांच्या लेबलांचे फोटो सोबत न्या.