धर्म शिकवताना पूर्वग्रह वाढले तर?

प्रश्न : मी धर्म-अभ्यासात एम. ए. केलं आहे आणि परिचारिकांसाठी तीन तासांची प्रशिक्षणं घेते. मागच्या वेळी प्रत्येक धर्माचे सण, आहार, निषिद्ध गोष्टी असा तक्ता वाटला. शेवटी 'म्हणजे हे लोक असेच' हे वाक्य आधीपेक्षा जास्त ऐकू आलं. कुठे चुकलं?

उत्तर : तक्त्यातच चुकलं. धर्माच्या आत मतभेद असतात, तो काळानुसार बदलतो आणि भोवतालच्या समाजजीवनात मिसळलेला असतो, हे या विषयाचे पहिले धडे. एका धर्माला एक ओळ दिली की तिन्ही पुसले जातात.

तक्त्याऐवजी एकाच धर्मातले तीन रुग्ण द्या : एक कडक उपवास करणारी, एक आजारपणात सोडणारा, एक कधीच न करणारा. चार-पाच जणींचे गट पाडा आणि प्रत्येकीला प्रसंगातला वेगळाच तुकडा द्या, म्हणजे एकमेकींना विचारल्याशिवाय उत्तर जुळणार नाही. (मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१मध्ये शाळांसाठी बसवलेली 'जिगसॉ' पद्धत ती हीच.) याला निदान एक तास द्या. गटाने शेवटी रुग्णाला विचारायचा प्रश्न लिहावा. 'तुमच्यात हे चालत नाही ना?' असा आला, तर तो सगळ्यांसमोर बदलून घ्या : 'उपचारांत आम्ही काही सांभाळावं असं तुम्हाला वाटतं का?'

गट धर्माच्या दृष्टीने मिश्र असावेत; पण नुसतं शेजारी बसवून भागत नाही. एकत्र येण्यातून पूर्वग्रह कमी व्हावेत यासाठी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्ये चार अटी मांडल्या : समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य, संस्थेचा पाठिंबा. मुख्य परिचारिका आणि नवशिकी एका गटात आल्या की पहिलीच अट मोडते. हे आधीच बघा.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. वर्गातल्या एकीला 'तुझ्या धर्मात काय असतं ते सांग' म्हणू नका. ती साऱ्या समाजाची प्रवक्ती होऊन बसते, आणि हे तिच्यावर अन्यायाचं आहे. दुसरं, 'पूर्वग्रह मनात आणू नका' असा आदेश देऊ नका. साचेबद्ध विचार दाबायला सांगितलेल्या माणसांमध्ये तो नंतर अधिक जोराने उसळल्याचं १९९४च्या एका प्रयोगात दिसलं होतं. काय टाळायचं त्यापेक्षा काय विचारायचं, ते हातात द्या.

प्रश्न : 'धार्मिक माणसंच जास्त पूर्वग्रही असतात का?' असं वर्गात हमखास विचारतात. काय सांगावं?

उत्तर : 'किती धार्मिक' यापेक्षा 'कशा प्रकारे' ते पाहा. ऑलपोर्ट आणि रॉस यांना १९६७मध्ये आढळलं, की प्रतिष्ठा किंवा ओळखीपाळखीसाठी धर्म पाळणारे, श्रद्धा मनापासून जगणाऱ्यांपेक्षा जास्त पूर्वग्रही होते. मात्र पुढच्या संशोधनात शंका निघाली, की श्रद्धा मनापासून जगणाऱ्यांना निःपक्षपाती दिसायची ओढही असू शकते. मूळ पाहणी अमेरिकेतल्या ख्रिस्ती मंडळींची होती, हेही त्याच दमात सांगा.