कॉपीराइटची तक्रार आता तुझ्याकडेच येईल

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन वर्षं विज्ञानाचे व्हिडिओ करतोय. एका कॉपीराइट तक्रारीवरून चॅनेलची कमाई अचानक बंद झाली. दाद कुणाकडे मागायची तेही कळेना. आता आम्ही चार मित्र पीअरट्यूब (स्वतःच्या सर्व्हरवर व्हिडिओ साइट चालवायचं सॉफ्टवेअर) वापरून स्वतःचाच प्लॅटफॉर्म काढायचं म्हणतोय. शिक्षण सोडून पूर्णवेळ यात उतरू का?

उत्तर : शिक्षण सोडू नकोस. प्लॅटफॉर्म मात्र जरूर काढ.

पीअरट्यूब फुकट मिळतं. फ्रामासॉफ्ट या फ्रेंच ना-नफा संस्थेने त्याची पहिली पक्की आवृत्ती २०१८ मध्ये आणली. त्यात जाहिरातींची सोयच नाही, म्हणजे पैसे देणग्यांतून किंवा वर्गणीतून उभे करायचे. नेब्युला हे व्हिडिओकारांनीच २०१९ मध्ये सुरू केलेलं वर्गणीचं व्यासपीठ चाललं खरं. पण त्यांच्यामागे यूट्यूबवर जमवलेला मोठा प्रेक्षक होता आणि त्यांनी यूट्यूब सोडलंही नाही. तूही जुनं चॅनेल बंद करू नकोस. आणि कुणी टोकन, क्रिप्टो सुचवलं तर हात जोड. एलबीआरवाय ही व्हिडिओ प्लॅटफॉर्म काढणारी कंपनी स्वतःचं टोकन विकण्यापायी अमेरिकेत २०२२ मध्ये खटला हरली आणि पुढे गुंडाळली गेली.

आता रोजचं काम बघ. दहा मिनिटांचा व्हिडिओ चढवलास की सर्व्हर एफएफएमपेग (व्हिडिओ रूपांतर करणारा प्रोग्रॅम) लावून त्याच्या १०८०, ७२०, ४८० अशा वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती काढत बसतो. तेवढा वेळ प्रोसेसर घामाघूम, आणि डिस्क तुमच्या अंदाजाच्या कितीतरी आधी भरते. प्रेक्षकांचे ब्राउझर एकमेकांना व्हिडिओचे तुकडे पुरवतात हे खरं, पण एकाच वेळी बरेच जण बघत असतील तरच. रात्री दोनला एकटा प्रेक्षक आला, तर सगळा भार तुमच्यावर. शिवाय चौघांपैकी कुणी दुसऱ्याचं गाणं वापरलं तर नोटीस तुमच्याच इनबॉक्समध्ये येणार आणि व्हिडिओ ठेवायचा की काढायचा हे तुम्हीच ठरवणार. (ज्या खुर्चीवर तू चिडलायस, त्याच खुर्चीत!) म्हणून नियम आणि वर्गणीच्या वाटण्या आधीच लिहून काढा, मैत्री शाबूत असताना.

मला यात तुझं करिअर दिसतं ते कॅमेऱ्यामागे कमी, सर्व्हरमागे जास्त. लिनक्स, पोस्टग्रेएसक्यूएल (पीअरट्यूबचा डेटाबेस), एफएफएमपेग, बॅकअप हे ज्याला चालवता येतं, त्याला व्हिडिओ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या कंपन्यांत काम मिळू शकतं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हेच मांड. सुरुवातीला नोंदणी बंद ठेवा, फक्त चौघांची खाती. महिन्याभराने डिस्क किती भरली आणि बॅकअपमधून एक तरी व्हिडिओ परत आणता आला का, एवढं मला कळव.