फोटोशॉप शिकू की फिग्मा? आणि फ्रीलान्स वेब डिझायनिंगमध्ये महिन्याला किती सुटतात?

फिग्मा शिका. झालं उत्तर. साइटचं डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर, फुकटात सुरू होतं, ब्राउझरमध्ये चालतं, जुन्या लॅपटॉपवर कण्हत कण्हत का होईना पण चालतं आणि क्लायंटला लिंक पाठवली की तो मोबाइलवर बघू शकतो. फोटोशॉप फोटोसाठी आहे, नावातच लिहिलंय. मी २०१२ पासून पाच वर्षं अख्ख्या साइट फोटोशॉपमध्ये काढल्या, पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइली, कापून कापून एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा कोड केला, त्यामुळे हे ऐकीव ज्ञान नाही.

पण एवढं सांगायला मी लॉगिन केलं नसतं. तुम्ही प्रश्नाखाली एक ओळ टाकलीये ना, "मराठी मजकूर फोटोशॉपमध्ये टाइप करून इमेज टाकली तर चालतं ना, युनिकोडची कटकट नको" (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला कोड देणारी पद्धत), ती वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला. कारण हेच वाक्य मी २०१५ साली सांगलीत, विश्रामबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात, माझ्या तेव्हाच्या पार्टनरच्या तोंडून ऐकलंय आणि त्यावरूनच आमचं फाटलं.

झालं असं की एक निवृत्त मास्तर आमच्याकडे बुटाच्या खोक्यात सीडी घेऊन आले. ते एक छोटा दिवाळी अंक काढायचे, १९९४ ते २००९, सोळा अंक, सगळे पेजमेकरमध्ये, म्हणजे छपाईची पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले. सरांचं म्हणणं एकच, हे सगळं नेटवर वाचता आलं पाहिजे. तीस हजार ठरले, पंधरा ॲडव्हान्स, आणि तो चेक सरांनी सही नीट आहे का हे दोनदा बघून दिला. दोन सीडी तर वाचल्याच गेल्या नाहीत, ते अंक नंतर छापील प्रतींवरून टाइप करून घेतले, तो खर्च माझ्या बोडक्यावर, जाऊ दे.

पार्टनर म्हणाला, "अरे प्रत्येक पान जेपीजी काढ, गॅलरीचं प्लगइन टाक, रविवारपर्यंत काम संपतंय." मी म्हटलं मग सर्च कसं होणार? तो म्हणाला, "जुने दिवाळी अंक कोण सर्च करतंय? कोण वाचतंय?" आता हिशोब बघा. एका अंकाची साधारण १८० पानं, पान वाचता येईल असं ठेवायचं तर ३०० केबी, म्हणजे एक अंक पन्नास-पंचावन्न एमबी. जिओ यायला अजून वर्ष होतं, लोक एक जीबीचा पॅक महिनाभर पुरवून पुरवून वापरायचे. आणि मोबाइलवर ते पान बोटांनी मोठं करत डावीकडून उजवीकडे सरकवत वाचायचं, एक ओळ संपली की परत मागे. एक कथा अशी वाचून दाखवा, मग बोलू.

त्याचं एक खरं होतं, युनिकोड करणं म्हणजे खरंच कटकट होती. युनिकोडच्या आधीचे जे फाँट असायचे, शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी वगैरे, त्यात स्क्रीनवर 'क' दिसतो पण फाइलच्या पोटात वेगळंच इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह बसलेलं असतं. फाँट काढला की सगळा काला. बरं, नुसतं याच्या जागी ते असं फाइंड-रिप्लेस करूनही भागत नाही कारण तिथे अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं. म्हणून 'सर्व'चं 'सवर्' होतं, 'विद्यार्थी'चं 'विद्याथीर्' होतं आणि सगळ्यात अवघड 'आर्थिक', त्यात वेलांटी पण आहे रफार पण आहे, त्याचं होतं 'आथिर्क'. हे तुम्ही नेटवर जुन्या मराठी मजकुरात शंभर वेळा पाहिलं असेल आणि टायपिंगची चूक म्हणून सोडून दिलं असेल. टायपिंगची चूक नाही ती, कन्व्हर्टर लिहिणाऱ्याने रफार मात्रेवरून उडी मारून मागे नेला नाही म्हणून झालेली आहे.

मी आधी एक तयार कन्व्हर्टर वापरून पाहिला, सरांच्या संपादकीयात पहिल्याच ओळीत 'सवर् वाचकांना' आलं. मग बसलो. फाँट उघडून एकेक चिन्ह एक्सेलमध्ये उतरवलं, दोनशेच्या आसपास भरली, मग नोटपॅड प्लस प्लसमध्ये नियम. मोठी जोडाक्षरं आधी, सुटी अक्षरं नंतर, मग वेलांटी हलवायची आणि सगळ्यात शेवटी रफार. हा क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून. नंतर ते पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलं, पायथन त्याचसाठी शिकलो, यूट्यूब बघून, रात्री. अजून एक गंमत, मथळ्यांचा फाँट वेगळा, आतल्या मजकुराचा वेगळा, म्हणजे तेच बटण एकीकडे 'ठ' आणि दुसरीकडे 'ढ'.

पार्टनर रोज सकाळी येऊन विचारायचा, झालं का तुझं पुरातत्त्व? दुसऱ्या महिन्यात त्याने ॲडव्हान्समधले साडेसात हजार मागितले, तेवढ्यात आपण तीन हॉटेलांच्या साइट केल्या असत्या म्हणाला. तेही खरंच होतं. दिले मी. पीसी त्याचा होता, तो घेऊन गेला, प्रिंटर आणि गाळ्याचं भाडं माझ्याकडे राहिलं. काम संपायला एकूण पाच महिने लागले. धंदा म्हणून बघितलं तर वेडेपणाच, माझ्या बायकोचं अजूनही तेच मत आहे.

२०१९ मध्ये साइटच्या फॉर्मवरून एक मेल आला, मस्कतहून, एका बाईंचा. त्यांनी सहज म्हणून वडिलांचं नाव गूगलवर टाकलं होतं, मराठीत. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, शाळेत क्लार्क होते, आणि आयुष्यात त्यांची एकच कविता छापून आली होती, १९९७ च्या आमच्या त्या अंकात. घरातला अंक २००५ च्या पुरात गेला. गूगलने थेट कवितेचं पान दाखवलं. जेपीजी असती तर काय दाखवलं असतं? 'पेज ११२ डॉट जेपीजी'?

आता आभाराचा मेल म्हणून मी खूश होत होतो तर खाली बाईंनी लिहिलेलं, की तिसऱ्या कडव्यात चूक आहे, बाबांनी 'सह्याद्रीच्या दऱ्या' लिहिलं होतं, तुमच्या साइटवर 'दर्या' आहे. बघितलं तर खरंच. डोंगराचं वर्णन चाललेलं आणि मध्येच समुद्र. कारण कवितांना सरांनी तिसराच एक फाँट वापरला होता आणि त्यात तो अर्धा र, ज्याला आपण पापणीसारखा र म्हणतो, तो वेगळ्या बटणावर होता, माझ्या स्क्रिप्टने त्याचा साधा 'र्' केला. गद्यात बरोबर, 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या' सगळं नीट. फक्त कविता. आणि मी तपासायला गद्यच वाचलं होतं, कविता वाचल्या नव्हत्या, कबूल. शोधलं तर सोळा अंकांत मिळून त्रेचाळीस ठिकाणी हेच. त्याच रात्री दुरुस्त केलं, सरांना फोन करून सांगितलं, सर म्हणाले, "आमच्या प्रूफरीडरने पण एवढं पाहिलं नसतं." सर आता नाहीत. साइट आहे, डोमेनचे पैसे मीच भरतो.

तर कोण वाचतंय, याचं उत्तर मी पार्टनरला तेव्हा देऊ शकलो नव्हतो, ते हे.

आता न्यायाने बोलायचं तर आज मी स्वतः पण पाच महिने घालवणार नाही. गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅन टाकून गूगल डॉक्समध्ये उघडलं की मराठी मजकूर बऱ्यापैकी सुटून येतो, छपाई स्वच्छ असेल तर. म्हणजे पार्टनरच्या जेपीजी आजच्या तारखेला कामाला आल्या असत्या, हे तो वाचत असेल तर त्याने म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण त्या ओसीआरनंतर, म्हणजे चित्रातून मजकूर सोडवून घेतल्यावर पण कुणीतरी बसून वाचावं लागतंच, आणि तो काही बसला नसता.

सॉफ्टवेअरचं राहिलं. माझ्याकडे आज काय आहे म्हणाल तर डिझाइनला फिग्मा, कोडला व्हीएस कोड, फोटो कापायला फोटोपी, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि पीएसडी उघडतं, फोटो बारीक करायला स्क्वूश. क्लायंटला स्वतः मजकूर बदलायचा असेल तर वर्डप्रेस, नसेल तर साधं एचटीएमएल, सहा पानांच्या हॉटेलच्या साइटला वर्डप्रेस आणि वीस प्लगइन कशाला? रत्नागिरीच्या एका आंबेवाल्याची साइट माझ्याकडे दुरुस्तीला आली होती, ऐन एप्रिलमध्ये उघडत नव्हती, बघतो तर होमपेजवर पेटीचे चार फोटो, प्रत्येक आठ एमबीचा, कॅमेऱ्यातून काढून तसाच चिकटवलेला. चारही मिळून ६०० केबीत बसवले, बाकी कशाला हात लावला नाही, आणि त्याला वाटलं मी काहीतरी मोठं केलं. पाच हजार घेतले. असली कामं मला आवडतात.

पण कुठल्याही सॉफ्टवेअरच्या प्रेमात पडू नका. माझं पहिलं कमाईचं काम म्हणजे फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधला इंट्रो, एका लग्नाच्या हॉलसाठी, दरवाजा उघडतो आणि आत सनई वाजते. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशच बंद झालं. फायरवर्क्स, वेबची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, माझं लाडकं होतं, २०१३ मध्ये अडोबीने नवीन व्हर्जन काढणं थांबवलं. अडोबीचंच फिग्मासारखं एक्सडी शिकायला घेतलं, ते २०२३ पासून नुसतं सांभाळून ठेवलंय. फिग्मासुद्धा २०२२ मध्ये वीस अब्ज डॉलरला अडोबीकडे जायला निघालं होतं, डिसेंबर २०२३ मध्ये तो सौदा मोडला म्हणून वाचलं. म्हणजे मी वर एका शब्दात फिग्मा म्हटलं ते या वर्षापुरतं धरा. एचटीएमएल आणि पानाचं रूप ठरवणारं सीएसएस मात्र नीट शिका, मला आजवर त्यानेच खायला घातलंय.

मराठी साइट करणार असाल तर अजून थोडं. सीएसएसमध्ये लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, देऊ नका, इंग्रजी टेम्प्लेटमध्ये ते हमखास असतं आणि मराठीत शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे लोंबायला लागतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांच्या अंगावर जातात, मी १.७ ठेवतो. फाँटला 'मुक्ता' घ्या, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँट बनवणाऱ्यांचा, डोळे मिटून. आणि एचटीएमएलमध्ये भाषा 'एमआर' (मराठी) लिहा, 'एचआय' (हिंदी) नाही, ज्या फाँटमध्ये सोय केलेली असते त्यात मग ल आणि श आपल्या वळणाचे येतात. तरीही फोटोशॉपमध्येच मराठी टाइप करायचं असेल, बॅनरला वगैरे, तर जुन्या व्हर्जनमध्ये टाइपच्या प्रेफरन्समध्ये साउथ एशियनचा पर्याय चालू आहे का बघा, नसेल तर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, आणि रस्त्यावरचे निम्मे फ्लेक्स बघून तुम्हाला कळेलच कुणी तो चालू केलेला नाही ते.

महिन्याला किती, तर मागच्या वर्षी मार्चमध्ये माझे बासष्ट हजार आले, एप्रिलमध्ये अकरा, जूनमध्ये शून्य, आणि जूनचे जे यायचे होते ते दिवाळीला आले, त्यातून पण टीडीएस कापून. अर्धे पैसे आधी घ्या, डोमेन क्लायंटच्याच नावावर घ्या. पार्टनर घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मला त्यातलं विचारू नका.