दोन फुटी रीफ टँकवरून (मासे आणि प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकवरून) चार फुटीवर जायचंय. सगळं एका दिवसात हलवावं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. ठाण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर 4 × 2 × 2 फुटांचा टँक ठेवता येईल का. जुन्यातले क्लाऊन मासे आणि झोआ, मशरूम ही कोरल एका दिवसात हलवावीत की दुकानदार म्हणतो तसा नवा टँक महिनाभर सायकल होऊ द्यावा, म्हणजे माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया वाढेपर्यंत तसाच चालू ठेवावा. आणि कमी पडणारे दगड मालवणहून आणले तर चालतील का.

शेवटच्याचं उत्तर सगळ्यात छोटं, म्हणून ते आधी: नाही. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि सगळी दगडी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका. रीफसाठी तयार केलेले सिरॅमिकचे कोरडे दगड मिळतात, ते घ्या. मिठाच्या पाण्याच्या ड्रममध्ये छोटा पंप लावून आधीच भिजत ठेवा आणि जुन्या टँकमधला एखादा दगड सोबतीला टाका, म्हणजे बॅक्टेरिया त्यांच्यावर पसरायला लागतील.

आता वजन. या मापाच्या टँकमध्ये 430 लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे खाऱ्या पाण्याचेच 440 किलो झाले. 12 मिमी काच 85 किलोच्या घरात. वर दगड, वाळू, स्टँड आणि खालचा सम्प (फिल्टर-पंपाची जोडटाकी) धरला की 700 किलो सहज होतात, तेही पाऊण चौरस मीटरपेक्षा कमी जागेत. घरातल्या खोल्यांचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा भार) धरून काढतात. तो आकडा खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो, त्यामुळे 700 ऐकून लगेच घाबरायचं कारण नाही. पण जागा मात्र खाली बीम असलेल्या भिंतीलगतची, शक्यतो कॉलमच्या कोपऱ्यातली हवी. बंद करून हॉलमध्ये घेतलेल्या बाल्कनीत हा टँक अजिबात नको, मग तिथे कितीही शोभून दिसो. इमारत जुनी असेल तर सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट ज्यांनी केलं त्या इंजिनिअरना विचारा. हे ‘इतक्या लोकांनी ठेवलाय’ म्हणून सोडून द्यायचं काम नाही.

टँक आल्यावर त्यात आधी साधं नळाचं पाणी भरा. स्पिरिट लेव्हल लावून बघा, कारण आपल्याकडच्या फरशीला बरेचदा उतार असतो. मग पंप सुरू करून अर्ध्या तासाने मेन स्विच बंद करा आणि सम्पकडे बघत बसा. वीज गेल्यावर वरचं पाणी रिटर्न पाइपातून (सम्पमधलं पाणी वर चढवणाऱ्या पाइपातून) उलटं खाली येतं, आणि ते सगळं सम्पमध्ये मावलं पाहिजे. मावत नसेल तर पाण्याच्या पातळीच्या जरा खाली त्या पाइपाला एक बारीक भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. पुढे त्या भोकात शेवाळ धरतं, ते अधूनमधून काडीने मोकळं करावं लागतं. हा प्रयोग खारं पाणी भरण्याआधी करा, नंतर फरशी पुसत बसण्यापेक्षा बरं.

हलवण्याबद्दल दुकानदार सांगतो ते चुकीचं नाही, पण ते सगळे दगड कोरे असताना. टँकची खरी कमाई दगडांवर असते. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे बॅक्टेरिया दगडांच्या भोकाभोकांत राहतात, पाण्यात फारसे नसतात. तुमचे मासे तेच, त्यांची घाण तेवढीच आणि ती पचवणारे दगडही तेच. म्हणून एका दिवसात हलवता येतं. अट एकच: जुनी वाळू न्यायची नाही. खालच्या थरात वर्षानुवर्षांचा गाळ दबलेला असतो. ती उकरली की सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. टँक बदलताना मासे बहुतेक वेळा या वाळूपायी मरतात, आणि दोष जातो ‘नव्या पाण्याला’.

आदल्या दिवशी नवं पाणी तयार ठेवा. घरच्या प्यायच्या आरओचं चालणार नाही, त्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) मुद्दाम थोडा राखलेला असतो. उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून काढलेलं, टीडीएस शून्य असलेलं पाणी हवं. त्यात सॉल्ट लिटरला 36-38 ग्रॅम या हिशेबाने, म्हणजे पूर्ण टँकला 16 किलोच्या आसपास. क्षारता जुन्या टँकशी रिफ्रॅक्टोमीटरने जुळवा. विशिष्ट गुरुत्व 1.025 चांगलं, पण तुमचा जुना टँक आटून 1.027 वर गेला असेल तर तो आधी काही दिवसांत हळूहळू खाली आणा.

हलवताना काहीही ढवळण्याआधी वरचं नितळ पाणी बादल्यांत काढून घ्या. मग कोरल, मग दगड, सगळं त्याच पाण्यात बुडलेलं राहू द्या. मासे शेवटी, पाणी वीतभर उरलं की ते आपोआप हाताशी येतात, जाळं घेऊन पाठलाग करावा लागत नाही. दगड जुन्याच खाऱ्या पाण्याच्या बादलीत हिसळून गाळ झाडा आणि ते पाणी फेकून द्या. संध्याकाळी आणि पुढचे काही दिवस रोज अमोनिया तपासा, आणि पाणी बदलायला एक ड्रम हाताशी ठेवा.

नवा लाइट जास्त ताकदीचा असणार. निम्म्यावर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवा, नाहीतर मशरूम आक्रसतील आणि झोआ उमलणार नाहीत. काचेवर तपकिरी थर येईलच. ते डायाटम (सूक्ष्म शेवाळ), त्यासाठी बाटलीतली औषधं घेऊ नका.

टँकपेक्षा चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) खर्च आधी धरा. मे महिन्यात ठाण्यात पाणी 31-32 अंशांवर जातं, आपल्याला हवं 25 ते 27. पंखा लावून थंड करणं नाशिकच्या कोरड्या हवेत जमतं. दमट हवेत पाणी उडतच नाही, मग थंड कशाने होणार? चिलर खिडकीजवळ ठेवा, कारण पाण्यातली उष्णता तो खोलीत ओकतो. इन्व्हर्टरवर मात्र फक्त वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) घ्या. वीज गेल्यावर मासे आधी ऑक्सिजनला मुकतात, तापमान मागाहून चढतं.

आणि हो, चार फुटांत ब्लू टँग मावेल असं कोणी सांगितलं तरी घेऊ नका. तो फूटभर वाढतो आणि दिवसभर पोहत असतो, त्याला सहा फूट लागतात.

जुना दोन फुटी विकू नका. रिकामा, वाळू-दगडांशिवाय, एका फिल्टरवर चालवा आणि प्रत्येक नवा मासा आधी तिथे ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी एकदा मोठ्या टँकमध्ये शिरला की सगळे मासे बाहेर काढून तो टँक दहा-अकरा आठवडे माशांविना ठेवावा लागतो, कारण कोरल असताना त्यात कॉपर (तांब्याचं औषध) घालता येत नाही. कॉपरचा उपचार या छोट्या टँकमध्येच करा, आणि त्याची जाळी-बादली रीफच्या सामानात मिसळू देऊ नका.